ढगाची पेटी

दिवाळी अंकासाठी रेडिओ दुरुस्तीच्या गमतीजमती लिहून द्या, असं संपादकांनी सुचवलं. गमती आहेत. एका सावकाराच्या रेडिओत उंदरीण व्याली होती आणि आतला गवई चिरक्या आवाजात गातोय अशी तक्रार घेऊन तो माझ्या दुकानात आला होता. पण या गोष्टी मी चहाबरोबर इतक्यांदा वाटल्या आहेत की आता माझं मलाच हसू येत नाही. त्यापेक्षा अशा एका यंत्राबद्दल लिहितो, जे माझ्याकडे कोणी दुरुस्तीला आणलं नव्हतं. ते मीच बनवलं, बीदरच्या भंगारातून. ज्या एका माणसासाठी बनवलं, त्याच्या ते उपयोगी पडलं नाही.

माझी थोरली बहीण औराद तालुक्यात चिंताकीला दिलेली. आम्ही तिला अक्का म्हणायचो. आमचं घर बीदरला, मैलूरमध्ये. सासर आणि माहेर यांच्या मधे मांजरा नदी. पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी श्रावणात दाजी बीदरचा बाजार करून घाटावरून नावेने परत निघाले. अक्का पलीकडच्या तीरावर बैलगाडी घेऊन उभी होती. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. नाव नदीच्या मधोमध आली आणि वरून लोंढा आला. पाऊस पडला होता तो लांब पश्चिमेला, निलंग्याच्या अंगाला. इथल्या कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. अक्काच्या डोळ्यांदेखत नाव उलटली. दाजी गेले, आणि नाव चालवणारा, म्हणजे आत्ताच्या यल्लप्पा नावाड्याचा थोरला भाऊ, तोही गेला.

त्यानंतर अक्काने नदीला पाय लावला नाही. उन्हाळ्यात गुरं घोट्याएवढ्या पाण्यातून जातात, तेव्हाही नाही. उदगीरहून आगगाडीने ये म्हटलं तर म्हणायची, “पुलाच्या खालून बी तीच वाहायलीय की.” इकडे अव्वाचे, म्हणजे आमच्या आईचे, पाय सुजलेले. ती घराचा उंबरा ओलांडत नव्हती. मग बाजाराला येणाऱ्या चिंताकीच्या माणसांबरोबर दोघी एकमेकींना गाठोडी पाठवायच्या. अव्वा शेंगांच्या पोळ्या पाठवी आणि गाठोडं बांधताना दरवेळी विचारी, “हिचं त्वांड मला कवा दिसायचं रे?” विचारायची मला, जसा काही मी नदीचा मालक.

आता यंत्राकडे वळतो. महायुद्धाच्या काळात बीदरबाहेरच्या विमानतळावर मी तारजोडणीच्या कामाला होतो. युद्ध संपलं आणि तिथलं सामान लिलावात निघालं. आमच्या गावच्या भंगारवाल्याने ते गाड्या भरभरून आणलं. तांबं आणि ॲल्युमिनियम विकून झालं, पण काही पेट्या त्याला कोणाच्या गळ्यात मारता येईनात, त्या मी घेतल्या. त्यात भोपळ्याएवढ्या तोंडाच्या काचेच्या नळ्या होत्या, ज्यांच्यावर हिरवा उजेड उमटतो. एका जाड लोहचुंबकाच्या जबड्यात बसवलेला तांब्याचा गोळाही होता. तो काय आहे हे गावात मला एकट्यालाच ठाऊक होतं. विमानात रडार म्हणून जे यंत्र असे, त्याचा तो गळा.

रडार म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. विहिरीत वाकून हाक मारली की हाक परत येते. विहीर खोल असेल तर उशिरा, उथळ असेल तर लगेच. रडार विजेची हाक मारतं आणि ती किती वेळाने परत आली त्यावरून समोरची वस्तू किती लांब आहे ते सांगतं. किल्ल्याच्या तटावरून हाक परत येते, डोंगरावरून येते आणि जोरदार पावसाच्या थेंबांवरूनही येते. विमानवाल्यांना पावसाचा हा अडथळा वाटे, ते वैतागायचे. मला मात्र तेवढंच हवं होतं. बीदर पठाराच्या कडेवर आहे, खाली मांजरेचं खोरं पसरलेलं. कडेवर उभं राहून पश्चिमेला हाक मारली आणि निलंग्यावरचा पाऊस दिसला, तर नदीला पाणी येण्याआधी घाटावर कळवता येईल. मग अक्काला मी छातीठोकपणे सांगू शकेन की आज ये, आज नदी काही करणार नाही.

सगळं जमवायला फार दिवस गेले. विजेसाठी बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं तेलाचं इंजिन. हाक फेकणारं आणि परत झेलणारं तबक फिरवायला सायकलची चेन आणि दाते. जळालेल्या मोटारींची तार सोडवून मीच गुंडाळलेली वेटोळी. पठाराच्या कडेला एक पडकी चौकी होती, तिच्यात हा संसार मांडला. तबक हाताने फिरवलं की नळीवरची हिरवी रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरे आणि जिथून हाक परत आली तिथे उजेडाचा डाग मागे ठेवी. निदान तसं व्हायला हवं होतं.

हाक तबकापर्यंत नेणारी चौकोनी नळी मात्र मला घडवता येईना. नळी तांब्याची हवी आणि मापात केसाचा फरक चालत नाही. म्हणून मी उस्ताद महबूबसाबांकडे गेलो. उस्ताद म्हणजे काळ्या धातूवर चांदीची वेल चढवणारे बिदरी कारागीर. किल्ल्यातली माती जिभेवर ठेवून ती कामाची आहे की नाही, ते सांगणारा माणूस. ॲक्शननंतर त्यांचं गिऱ्हाईक गेलं, भाऊ कराचीला गेले, हाताखालचे कारागीर पांगले. रिकाम्या कारखान्यात ते एकटेच, पाण्याविना कोरडा पडलेला हुक्का पुढ्यात घेऊन बसलेले असत. मी लाकडाचा नमुना दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून विचारलं, “इसमें से क्या जाता सिवप्पा?”

“लहर जाते उस्ताद. दिसत न्हाई, पण जाते.”

त्यांनी मान हलवली आणि काही दिवसांनी नळी आणून दिली. बाहेरून अगदी साधी, मापात तंतोतंत. मी खूश झालो.

तो अख्खा पावसाळा मी काचेच्या नळीवर किल्ल्याच्या तटाचा एक पुसट डाग पाहत काढला. त्यापलीकडे सगळा अंधार. यंत्र चालू केलं की तांब्याच्या नळीत कडकड आवाज व्हायचा आणि करपल्याचा वास यायचा. मी सगळे व्हॉल्व्ह बदलले, वेटोळी पुन्हा गुंडाळली, तांब्याच्या गोळ्याला शिव्या घातल्या. नदीला दोनदा पूर आला, त्याआधीचा पाऊस मला एकदाही दिसला नाही. शेवटी चिडून उस्तादांची नळीच करवतीने उभी कापली.

आत वेल होती. चारही बाजूंनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चांदीच्या तारेची पानं आणि फुलं. दोन अर्धे घडवून, आतून कोरून, तार ठोकून, मग सांधा कळूही न देता जोडलेले. त्या कोरीव खाचांवर वीज ठिणग्या होऊन जळत होती, बाहेर पडतच नव्हती. माझं डोकं फिरलं. दोन्ही तुकडे घेऊन तसाच उस्तादांच्या दारात गेलो.

“उस्ताद, हे आत कामून केलंत? हितं कोण बघायलंय?”

त्यांनी तुकडे मांडीवर घेतले. कापलेल्या फुलावरून अंगठा फिरवला. म्हणाले, “तूच बोला ना, इसमें से कुछ तो बी गुजरता बोलके. जो गुजरता उसकू नंगी दीवार कायकू दिखाना?”

त्यांच्या घराण्यात कोऱ्या धातूला हातातून सोडत नसत. मी विजेचं गणित समजावलं, ठिणग्यांची काळी खूण दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसरी नळी आतूनबाहेरून कोरी करून दिली. देताना तोंड फिरवून दिली. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव कोरी वस्तू असावी, आणि ती माझ्यापायी त्यांना करावी लागली.

पुढच्या पावसाळ्यात चित्र आलं. पहिल्यांदा पाऊस दिसला तेव्हा जातं पुसताना फडक्यातून पीठ सांडावं तसा नळीच्या डाव्या कडेला फिकट हिरवा डाग पसरला. मी बाहेर येऊन पाहिलं, डोक्यावर ऊन रणरणत होतं. संध्याकाळी घाटाकडून येणाऱ्यांनी सांगितलं की मांजरा चढली आहे. मी चौकीत एकटाच हसत बसलो होतो, ते अजून आठवतं.

गावात बातमी फिरली की शिवाच्या पेटीत लपलेलं दिसतं. मग गिऱ्हाइकं सुरू झाली. कमठाण्याच्या एका शेतकऱ्याला हरवलेली म्हैस बघायची होती. एका बड्या घरच्या माणसाला किल्ल्यातलं धन हवं होतं, आणि त्यासाठी अर्धा वाटा देण्याचा मोठेपणा त्याने दाखवला. ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, तर शिपाई घेऊनच आले, हे चोरून बातम्या पाठवण्याचं यंत्र असणार म्हणून. “ये बात करता क्या?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “बोलत न्हाई साहेब. निस्तं वरडतंय आन ऐकतंय.” त्यांचा विश्वास बसेना. मी नळीवर एक डाग दाखवून सांगितलं की साहेब, लवकर निघा, हा पाऊस इकडेच येतोय. ते हसले, सावकाश निघाले आणि वाटेत चिंब भिजले. नंतर त्यांनी मला त्रास दिला नाही. लोकांनी यंत्राला नाव ठेवलं ढगाची पेटी.

घाटावर कळवायचं कसं, हा प्रश्न यल्लप्पाने सोडवला. कडेवर ओला कडबा पेटवून शेजारी शेजारी दोन धूर करायचे, म्हणजे शेतातल्या धुराशी घोटाळा नको. घाटावरून पठाराची कड स्वच्छ दिसे. यल्लप्पा बोलायला कमी आणि शब्दाला पक्का. भाऊ गेल्यापासून तो पाण्याकडे पाहताना डोळे बारीक करी. त्याने मला बजावलं, “शिवाण्णा, धूर दिसला की माजी नाव सुटनार न्हाई. मग पलीकडं कुनीबी असू दे, म्हामलेदार असू दे, न्हाईतर माजं पोरगं असू दे.” मी म्हटलं, हेच पाहिजे. त्या पावसाळ्यात धूर झाला आणि पाणी आलं नाही, असं क्वचितच घडलं. एकदा भरली नाव उलटण्याचं टळलं, तेव्हा बाजारकऱ्यांनी मला फेटा बांधला. मी अक्काला निरोप धाडला, “ज्या दिशी धूर नसंल त्या दिशी बिनघोर ये. नदी आता माझ्या नजरंखाली हाय.” तिने उत्तर पाठवलं नाही. गाठोड्यात नेहमीसारखी तुरीची डाळ आली.

त्यानंतरच्या भाद्रपदात अव्वाने अंथरूण धरलं. पाण्याशिवाय काही गिळेना. मी बाजारच्या माणसांबरोबर अक्काला कळवलं, “अव्वा तुझं नाव घ्यायलीय. उदगीरला जाऊन गाडीनं ये.” नावेने ये म्हणून सांगायचा धीर मला झाला नाही. आली तर आगगाडीनेच येईल, नाहीतर येणार नाही, असं घरात सगळे धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी थोडा वेळ चौकीत गेलो. पेटी चालू केली आणि डाव्या कडेला असा दाट डाग उमटला की आधी कधी पाहिला नव्हता. निलंग्याकडचं सगळं आभाळ फुटलेलं असणार. मी धावत जाऊन दोन्ही ढीग पेटवले. वारा पडलेला होता, धूर सरळ उभे राहिले. घाटावरून नक्की दिसणार, या विचाराने मला बरं वाटलं. मग घरी आलो.

अव्वाने डोळे न उघडता विचारलं, “आली का ती?”

“यील अव्वा. आज नदी बरी न्हाई. एकदोन दिसात गाडीनं यील.”

“नदी,” ती म्हणाली. दिवेलागणीला ती गेली. त्याच सुमाराला खाली मांजरेला लोंढा आला. त्याचा आवाज म्हणे पार वरच्या रानांपर्यंत ऐकू गेला, आमच्या घरी रडण्यापुढे कोणाला काही ऐकू आलं नाही. पूर उतरेना, पलीकडे निरोप धाडता येईना, माती थांबवता येईना. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. अव्वाला बसवताना उस्ताद महबूबसाबही लांब लिंबाखाली उभे होते.

अक्का आली ती माती झाल्यानंतर, आगगाडीने. अंगणात येऊन तिने मला पहिली गोष्ट विचारली, “पानी कवा आलं रे शिवा?”

“दिवं लागायच्या टायमाला.”

“मी दुपारीच घाटावर आले हुते,” ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. निरोप मिळाला आणि गाडीची वाट धरली तर उशीर होईल, असं तिच्या मनाने घेतलं. धूर नव्हता. ती चालत घाटावर आली. दाजी गेल्यापासून पहिल्यांदाच तिने त्या पाण्याकडे पाहिलं. यल्लप्पाने नाव लावली, तिने एक पाय आत टाकला, आणि तेवढ्यात यल्लप्पाने वर पाहिलं.

“त्यानं माजा हात धरला. म्हनला, अक्का उतर, धूर निघाला. म्हनलं, बाबा, माजी माय मरायलीय. तर म्हनला, तुज्याच भावाचा धूर हाय, मी काय करू? मग बसले तिथंच. नदी कशी निवांत वाहायली हुती. सांजंपोतर एक लाट बी आली न्हाई.”

पाव तासात नाव पलीकडे जाते. ती दुपारी नदी पार करून उतरली असती तर ऊन असतानाच मैलूरला पोचली असती. अव्वा तेव्हा शुद्धीवर होती.

मी पायरीवर बसून राहिलो. अक्काच म्हणाली, “चल, तुजी पेटी दाखव मला.”

आम्ही चौकीत गेलो. मी इंजिन सुरू केलं, तबक फिरवलं. नळीवर चित्र उभं राहिलं. तिने बोट ठेवून विचारलं, “ही काळी वळवळ काय हाय?”

“नदी. सपाट पाण्यावरनं लहर परत येत न्हाई, म्हनून काळी दिसते.”

“आन घाट?”

मी दाखवला. तिने तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

“मी हितं हुते.”

“मानूस दिसत न्हाई ह्यात, अक्का.”

“निलंग्याचा पाऊस दिसला तुला,” ती म्हणाली, “आन हितं दारात बसलेली भन दिसली न्हाई.” तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी इंजिन बंद केलं. हिरवा उजेड हळूहळू विझत गेला, तिचं बोट तिथेच होतं. मग ती म्हणाली, “तिकडं पाऊस दिसल्यावर हितं पानी याया सांज व्हती, हे तुला ठावं हाय न्हवं? मग एकदम दोन धूर कामून करतूस? आदी एक कर. ज्याचं कुनी पलीकडं अंथरुनाला खिळलंय, त्याला जाऊ दे. मग दुसरा कर.”

मी आणि यल्लप्पा, दोघांनाही हे कधी सुचलं नव्हतं. आम्हा दोघांना पाण्याची भीती तेवढी माहीत होती.

पुढच्या पावसाळ्यापासून तसंच केलं. पहिला धूर निघाला की ज्यांना जायलाच हवं त्यांना यल्लप्पा भराभर पार नेई, आणि दुसरा निघाला की नाव वर ओढी. घाटावरचे लोक पहिल्या धुराला अव्वाचा धूर म्हणू लागले. नाव कोणी ठेवलं मला माहीत नाही. त्यातल्या अनेकांनी माझ्या आईला पाहिलंही नव्हतं.

पेटी फार वर्षं टिकली नाही. हिरवी नळी अंधुक होत गेली, दुसरी मिळाली नाही. जुनं संस्थानी राज्य मोडून भाषावार राज्यं झाली त्या वर्षी मी ती उतरवली आणि भंगार पुन्हा त्याच भंगारवाल्याकडे गेलं. उस्ताद त्याआधीच वारले. वेल कोरलेल्या नळीचे दोन तुकडे मी ठेवून घेतले. एक त्यांच्या मुलीला दिला, दुसरा माझ्या टेबलावर आहे. चांदी काळी पडली की चिंचेने घासतो.

अव्वानंतर अक्का बीदरला आली नाही. पण पावसाळ्यात बाजारच्या दिवशी चिंताकीची माणसं निघाली की ती त्यांच्याबरोबर घाटापर्यंत यायची आणि पलीकडच्या तीरावर बसून राहायची. पहिला धूर दिसला की उठून ओरडायची, “चला, आवरा, ज्यांला जायचंय त्यांनी बसा.” म्हाताऱ्यांना हात धरून नावेत चढवायची. हे मला यल्लप्पाने सांगितलं. शेवटची खेप निघताना तो दरवेळी तिला विचारी, “अक्का, तू येतीस का?” आणि ती दरवेळी म्हणे, “न्हाई बाबा. आता माजं कोन हाय पलीकडं?”

पलीकडे, कडेवर, दुसऱ्या ढिगाजवळ काडेपेटी घेऊन मी उभा असायचो.